दार बंद, सरासरी

चौतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
शिवडी, काळाचौकी, कॉटन ग्रीन,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च धरून,
जिथे मांजर व्यालेली असते
आणि आकड्यांवर बोटभर जळमट.
आज भाचा मोबाइलवर काहीतरी उघडून गेला,
म्हणाला, मामा, यात भरा, हृदयाचा धोका कळतो.
निवृत्तीनंतरचं पहिलंच रीडिंग. स्वतःचं.

वय: एकसष्ट.
वरचा दाब: एकशे अठ्ठेचाळीस
(सिस्टर लोबोने दोनदा घेतला, दुसऱ्यांदा
हातातली पिशवी खाली ठेवायला लावून).
कोलेस्टेरॉल: लॅबच्या कागदावरून, चष्मा बदलून.
धूम्रपान: नाही.
खरंच नाही.
तंबाखूचं त्याने विचारलं नाही,
आणि चुन्याची डबी खिशात गप्प राहिली,
साक्षीला न बोलावलेल्या माणसासारखी.

पिनकोड टाकला, चार लाख पंधरा.
लाल अक्षरांत म्हणाला, अवैध.
कुठल्या थंड गावच्या माणसांवर बेतलंय हे,
कोण जाणे. रकाना रिकामा सोडला.

मग तो प्रश्न.
वडील किंवा भाऊ, पंचावन्नच्या आत, हृदयविकाराने?

भिवादादा.
दाखल्यावर जन्म एक जून,
कारण मास्तरांनी अख्खा वर्गच एक जूनला जन्माला घातला होता.
त्या हिशेबाने, गेला तेव्हा चोपन्न.
आई म्हणायची, मोठ्या वादळाच्या आदल्या चैत्रातला,
म्हणजे छप्पन्न, कदाचित सत्तावन्न.
रात्रपाळीहून आला, चहा मागितला,
चहा येईपर्यंत थांबला नाही.

हो दाबलं. बावीस टक्के.
नाही दाबलं. सतरा.
पुन्हा हो. पुन्हा नाही.
बराच वेळ मी हेच करत बसलो,
भावाला पंचावन्नच्या अलीकडे पलीकडे ढकलत,
पाच टक्क्यांसाठी.
शेवटी लाज वाटली. हो वर ठेवलं.

खाली आणखी एक ओळ: तुमच्या हृदयाचं वय त्र्याहत्तर.
म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी मोठं.
इतकी वर्षं अरेतुरे केलं,
आता अहो म्हणायचं का?
जिन्यात बाजूला होऊन पुढे जाऊ द्यायचं?

आणि शंभर माणसांचं चित्र, मुंगीएवढी,
त्यातली बावीस लाल.
दोन बोटांनी ताणून मोठं केलं.
ओळखीचं कोणीच नव्हतं.

आमच्या खात्यात एक रीत होती.
कुलूप दिसलं की वहीत लिहायचं, दार बंद,
आणि मागच्या महिन्यांवरून सरासरी टाकायची.
बिल जायचं. लोक भरायचेही.
पण आत दिवा किती जळला,
कोण गावी गेलं होतं,
कोण रात्रभर पंख्याखाली जागं होतं,
ते त्यात यायचं नाही, आणि आम्हाला ते ठाऊक असायचं.
सरासरी खोटी नव्हती.
ती फक्त आत गेलेली नव्हती.

प्रमिलाने स्वयंपाकघरातून विचारलं, किती आलं?
म्हटलं, दार बंद होतं.
ती ओल्या हातांनी बाहेर आली.
मोबाइलकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं,
मग खिशातून चुन्याची डबी काढून
फ्रीजच्या वर, मागे सारली
आणि शेजारी पापडाच्या डब्यालाही जागा केली.

दोनदा सरासरी गेली की तिसऱ्या खेपेला
आम्ही दाराच्या फटीतून चिठ्ठी सारायचो:
अमुक तारखेला येत आहोत, कृपया घरी थांबावे.

गुरुवारी सकाळी आठ, उपाशीपोटी.
बामणे डॉक्टर छातीला त्या थंड वाट्या चिकटवतील,
कागद कुरकुरत बाहेर येईल.
तंबाखूचंही सांगेन. त्यांनी विचारलं नाही तरी.
या म्हणावं.
मी घरी आहे.